फोन न करता आष्टी

मोटारसायकल विकायची ठरली ती आमच्या यांच्या, म्हणजे केशवरावांच्या, गुडघ्यामुळे, आणि त्यात खोडा पडला तो माझ्या तोंडामुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी "आता गाडी बंद" असं सांगितलं आणि आमच्या यांनी घरी येऊन, अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती, ऑफिसातल्या कुंदनला फोन लावला. कुंदनचा त्या गाडीवर आधीपासूनच डोळा होता. बाजारात लोक दुसऱ्याच्या बैलाच्या वशिंडावरून हात फिरवतात ना, तसा तो तिच्या टाकीवरून फिरवायचा.

"विकायची काऊन? मी चालवीन," मी म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली की एकमेकांकडे नीट पाहायचं राहूनच जातं. त्या दिवशी यांनी नीट पाहिलं.

"तू? गिअरची गाडी?"

"मले येते. शाळेच्या मैदानावर तुमीच शिकवली होती."

"मैदानावर पंक्चर होत नाई, मीरा. रस्त्यावर होते. मंग मले फोन करशीन. आन् मी हा गुडघा घेऊन येऊ काय?"

खरं सांगायचं तर यात चूक काहीच नव्हतं. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात बल्ब गेला की मी हाक मारते, गॅसचं बटण अडकलं की हाक मारते, डब्याचं झाकण उघडायचं असलं तर आधी हाक मारते आणि मग झाकणाला हात लावते. पण खरं बोलणं ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

"मंग एक काम कर," हे म्हणाले. "आष्टीले तुह्या अक्काकडे जाऊन ये. एकटी. मले एकही फोन न करता. आलीस तं गाडी तुही. फोन आला तं कुंदनची."

पुलगावहून आष्टी म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. मी "हो" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन घाबरले.

पंक्चर काढायला मी मोबाइलवर शिकले. मी बाकीही सगळं असंच शिकले आहे. शिवण पुस्तकातून, इंग्रजी पेपरातून, आणि नवऱ्याचा स्वभाव अंदाजाने. व्हिडिओतला बाह्या दुमडलेला माणूस म्हणायचा, "दोस्तों, सिर्फ दो मिनट का काम है." खिळा काढा, भोक कानशीने घासा, सुईत चिकट दोरी ओवा, भोकात खुपसा, सुई मागे ओढा, दोरी आत राहते, वरचं शेपूट कापा, झालं. मी सामान मागवलं. त्यात स्क्रू-ड्रायव्हरसारख्या मुठीची सुई निघाली, तसलीच कानस, पाक बिघडलेल्या चिक्कीसारख्या तपकिरी चिकट दोऱ्या, आणि टायरात ओतायच्या हिरव्या औषधाची बाटली. शिवाय हवा भरायच्या चकचकीत गोळ्या. गोळ्या म्हणजे अगदी गोळ्या; बंदुकीच्या असतात तशा निमुळत्या, फक्त अंगठ्याएवढ्या जाड. त्यात दाबून गॅस भरलेला असतो. पंप मारायची ताकद नसलेल्यांसाठी ही सोय आहे असं पाकिटावर लिहिलं होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

सराव गच्चीवर. तिथे एका जुन्या टायरात मी गवती चहा लावला होता. गवती चहा बादलीत हलवला, टायर मांडीवर घेतला आणि सुई खुपसली. टायर किती चिवट असतो हे टायरवर बसून प्रवास करणाऱ्याला कळत नाही, टायरात सुई घालणाऱ्याला कळतं. मी दोन्ही हातांनी जोर लावून, दातओठ खात टायर भोसकत असताना शेजारच्या अनुसयाबाई वाळवण घालायला त्यांच्या गच्चीवर आल्या.

"काय व मीरा, टायरले काऊन मारून राह्यली?"

"पंक्चर शिकून राह्यली, काकू."

"अवं, पंक्चर काढाचं असते. तू तं करून राह्यली."

संध्याकाळपर्यंत कॉलनीत बातमी झाली. नवरा गुडघ्याने आडवा झालाय आणि बायको गच्चीवर टायरला सुरे मारते. सल्ले देणारे येऊ लागले. मिलमधून रिटायर झालेले तानबाजी म्हणाले, "वहिनी, सरळ पाणी भरा टायरात. ट्रॅक्टरच्या टायरात भरतेच ना?" अनुसयाबाई म्हणाल्या की दर शनिवारी हँडलला लिंबू-मिरची बांधली की खिळे आपोआप बाजूला सरकतात. चौकातला पंक्चरवाला मुकेश सगळ्यात कळकळीने बोलला. "काकू, ते हिरवं औषध टाकू नोका. टाकलं का टायर सडते, टायर सडलं का रिम सडते, मंग माणूस सडते." यातलं शेवटचं वाक्य त्याचा धंदा बोलत होता, हे मला कळलं, पण रात्री झोपताना रिम आठवली.

मध्येच लायसनचं निघालं. माझं लायसन बिनगिअरच्या गाडीचं. गिअरचं काढायला वर्ध्याला गेले तर तिथल्या यंत्राने माझा अंगठाच ओळखला नाही. पुन्हा पुन्हा दाबला. खिडकीतल्या बाई भल्या होत्या. "मॅडम, अंगठ्याला काय लागलंय?" मी पाहिलं. सरावाच्या वेळी दोरीला लावलेलं रबराचं चिकट सोल्युशन अंगठ्यावर चढून त्याच्या सगळ्या रेषा बुजल्या होत्या. म्हणजे सरकारदरबारी मी कुणीच नव्हते. "पेट्रोलनं पुसून या," बाई म्हणाल्या. पुसून येईपर्यंत खिडकी बंद, नवी तारीख. त्या तारखेला आठचा आकडा काढताना मी पाय टेकवला. तिच्या पुढच्या तारखेला टेकवला नाही, कारण घाबरून पाय कुठे आहे हेच मला कळत नव्हतं. पास झाले.

या यशाने माझी मान जरा ताठ झाली, आणि ताठ मानेला खालचं दिसत नाही. एका सकाळी तानबाजींची जुनी गाडी दाराशी बसलेली दिसली. मागचं चाक जमिनीला टेकलेलं. मी सामान घेऊन गेले. "तुमी बसा हो तानबाजी, सिर्फ दो मिनट." खिळा सापडला, काढला, कानस फिरवली, सुई घातली, दोरी ओढली. सगळं व्हिडिओसारखं. हवा मात्र भरेना. मी दुसरी दोरी घातली. मग तिसरी. प्रत्येक दोरीला हवा आधीपेक्षा आनंदाने बाहेर पडत होती.

जुन्या गाड्यांच्या टायरात ट्यूब असते, आणि ही दोरी फक्त आमच्या गाडीसारख्या बिनट्यूबच्या टायरला चालते. व्हिडिओतल्या माणसाने हे सांगितलं होतं; पण त्या वेळी माझी डाळ लागत होती, म्हणून मी तेवढं पुढे सरकवलं होतं. ट्यूब असलेल्या टायरला दोरी घालणं म्हणजे गोधडीला टाके घालताना खाली झोपलेल्या माणसालाही शिवून टाकण्यासारखं आहे. तानबाजींची ट्यूब बाहेर निघाली तेव्हा तिची चाळण झाली होती. "असू द्या वहिनी," ते म्हणाले, "जुनीच होती." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मुकेशने ती ट्यूब दुकानासमोर खिळ्याला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हळूच सांगायचा, "काकूचं काम हाये."

यानंतर कुणीही हिरव्या औषधाकडे वळलं असतं, तशी मी वळले. आधीच औषध भरून ठेवलं की बारीकसारीक भोकं आतल्या आत बुजतात. सुई नको आणि शोभा नको. चाकाच्या ज्या नळीतून हवा भरतात, तिच्यातली बारीक कळ काढायची आणि बाटलीने औषध आत सोडायचं. कळ काढायच्या आधी हवा हळूहळू सोडून द्यायची असते. मी कळ आधी काढली. ती बंदुकीतून सुटावी तशी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. हवा थांबली असं वाटून मी बाटली टेकवून दाबली, तर आत उरलेल्या हवेने ते सगळं माझ्या अंगावरून कुंपणापलीकडे फेकलं. कुंपणापलीकडे अनुसयाबाईंची बाज होती, आणि बाजेवर वर्षभराच्या कुरडया.

"मायबाई!" अनुसयाबाई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं, बाजेकडे पाहिलं. "हे काय शिंपडलं व?"

"औषध हाये, काकू. भोकं बुजवते."

"माह्या कुरोड्याईले कोन्ती भोकं होती?"

पुढचे काही दिवस मी त्यांच्याकडे बसून नव्या कुरडया घातल्या. हात चालत असताना त्या मला आष्टीच्या रस्त्याबद्दल धीर देत होत्या; कुठे कोण पडलं, कुठे कोणाचा पाय मोडला, सगळं अगदी नावागावासकट. नवी कळ आणि नवी बाटली आणून चाकं भरली ती मात्र मीच, दारं-खिडक्या लावून, कुणाचंही वाळवण नाही हे पाहून.

शेवटी एका रविवारी उजाडताना निघाले. हे फाटकाशी कुबडी टेकून उभे होते. "पाणी घेतलं? कागद घेतले? ब्रेक आदी मागचा दाबजो." मग जरा थांबून, "मोबाइल चार्ज केला काय?"

"काऊन? तुमाले फोन थोडीच करायचा हाये?"

"नाई, तसं नाई," हे म्हणाले आणि फाटकाची कडी उगाच लावली-काढली.

जाताना काहीही झालं नाही, हे मला इथे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे कुणी ते विचारत नाही. आर्वी मागे पडली, आष्टी आली, अक्काने दारात मला पाहून आधी गाडीला हात लावला आणि मग मला. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाल्ली, अक्काच्या सुनेला गाडीवरून एक फेरी मारून आणली, अंधाराच्या आत पोचायचं म्हणून ऊन असतानाच निघाले. पुलगाव जवळ आलं. मनात मी कुंदनला चहा देऊन परत पाठवत होते. साहेबांच्या शर्तीचा निकाल काय लागतो ते पाहायला तो दुपारपासून आमच्याकडे येऊन बसणार होता.

आणि मागचं चाक डुलायला लागलं.

हे कुठे झालं ते नीट लक्षात घ्या. पुलगावला सैन्याचा दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे. त्याच्या काटेरी तारेच्या कुंपणालगत रस्ता जातो, आणि कुंपणावर ठळक अक्षरात पाटी आहे: रुकना मना है. गाडी बरोबर त्या पाटीखाली बसली. चाकात बैलाच्या नालेचा खिळा, चांगला जाड. इतक्या मोठ्या भोकापुढे हिरवं औषध हतबल होतं. ते फेसासारखं बाहेर येऊन रस्त्यावर टपकत होतं. आता दोरीशिवाय गत्यंतर नव्हतं. मी गाडीला अडकवलेल्या पिशवीतून सामान काढून रस्त्याकडेला मांडलं आणि खाली बसले.

आता माझा अवतार. आमच्याकडे उन्हात निघणारी बाई डोक्याला-तोंडाला पांढरा दुपट्टा असा गुंडाळते की सख्खी आई ओळखणार नाही. वर काळा चष्मा, अंगात सनकोट, हातात मोजे. अशी एक व्यक्ती दारूगोळ्याच्या कुंपणाला पाठ लावून बसली आहे, हातात टोकदार सुई, शेजारी हिरव्या पाण्याची बाटली आणि रुमालावर ओळीने मांडलेल्या चार चकचकीत गोळ्या.

"हाथ ऊपर रखिए," मागून आवाज आला. "और खडे हो जाइए."

कुंपणापलीकडे एक तरुण जवान उभा होता. मी उभी राहिले.

"यहाँ रुकना मना है."

"मैं नहीं रुकी, भैया. गाडी रुकी है."

"वो क्या है?"

"दोरी है. पंक्चर की."

"और वो?" त्याची नजर रुमालावर होती.

"हवा है."

"हवा?"

"हवा भरेली है उसमें. दबा दबा के."

मी त्याच्या जागी असते तर मीही मला सोडलं नसतं. त्याने वायरलेसवर काही सांगितलं, आणि फाटकाकडून एक वयस्कर हवालदार चालत आले. त्यांनी मला दुपट्टा सोडायला सांगितला. आतून घामाने निथळणारी, नाकावर दुपट्ट्यातून झिरपलेला हिरवा डाग असलेली एक काकू निघाली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा निम्मा संशय गेला. गेलेला निम्मा मीच परत आणला.

"घर कहाँ है?"

"इधरच. पुलगाव में."

"तो घर पे फोन लगाइए. कोई आ जाएगा."

"नहीं लगा सकती."

"मोबाइल नहीं है?"

"है."

"बॅटरी?"

"फुल है."

"घर में कोई नहीं?"

"मिस्टर है ना. बैठे है."

"तो लगाइए फोन!"

"नहीं लगा सकती, भाईसाब. शर्त है."

हवालदारांनी जवानाकडे पाहिलं. जवानाने गोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्या अशा हिंदीत, जिला हिंदी म्हणायला हवालदारांसारखा भला माणूस लागतो, मी सगळं सांगितलं. गुडघा, कुंदन, आष्टी, एकही फोन नाही. घर इतकं जवळ होतं की संध्याकाळी तिथल्या कुकरच्या शिट्ट्या इथे ऐकू आल्या असत्या. एक बटण दाबलं की सुटका होती, आणि ते बटण दाबलं की गाडी कुंदनची. गाडी जाण्यापेक्षाही वाईट म्हणजे, "मी म्हटलंच होतं" हे वाक्य मला उरलेल्या आयुष्यभर वरणाबरोबर वाढलं गेलं असतं.

हवालदारांनी गाडीचे कागद मागितले. "गाडी तो केशवजी के नाम है."

"वही मिस्टर."

"तो उनसे पूछना पडेगा. कायदे से."

"आप पूछो," मी म्हणाले. "नंबर मैं बोलती हूँ, लगाओ आप. पर आप गवाह है. फोन मैंने नहीं किया."

त्यांनी आपल्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकर चालू केला.

"हॅलो, कोन?" यांचा आवाज.

"केशवजी? डेपो गेट के पास से बोल रहा हूँ. आपकी गाडी के साथ एक महिला यहाँ..."

"लागलं काय तिले?" हे ओरडलेच. मग हिंदी आठवून, "चोट लगी क्या उनको? कितनी लगी? मैं आता हूँ, मैं अभी..." पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. बहुधा कुबडीही.

"नहीं नहीं, ठीक है. पंक्चर है सिर्फ. बोल रही है, आपको फोन नहीं कर सकती."

पलीकडून बशीत चहा ओतल्याचा आवाज मला ऐकू आला. हे बशीत पीत नाहीत. म्हणजे कुंदन येऊन बसला होता.

"बस एक बात बताइए," हवालदार म्हणाले. "गाडी आपकी है ना?"

मी त्या बारक्या मोबाइलकडे टक लावून उभी होते. जवानसुद्धा तारेला टेकून पुढे झुकला होता.

"कागज पे मेरा नाम है," हे शेवटी म्हणाले. "गाडी उनकी है. पंक्चर भी वोच निकालेगी. आप बस थोडा पाणी पिलाव उनको. उन्हात पित्त होते तिले."

हवालदारांनी फोन बंद केला आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाले, "चलिए, निकालिए. दस मिनट."

मला दहा मिनिटांत जमलं नाही. खिळा निघेना तेव्हा जवानाने कुंपणापलीकडून धीर दिला, "और जोर से, आँटी." सुई आत गेली, दोरी राहिली, शेपूट कापलं. मग गोळी नळीला लावून पिळली. त्या गोळीतून हवा निघते तेव्हा ती बर्फासारखी गार पडते, आणि मी मोजे काढून ठेवले होते. पुलगावात मे महिन्यात बोटं गारठून ओरडलेली बाई माझ्याआधी झाली नसावी. चार गोळ्या संपल्या तेव्हा चाक उभं राहिलं. दोरीतून हवा जाते का हे पाहायला त्यावर ओलं बोट फिरवून बुडबुडा बघायचा असतो. पाणी तर, माझं आणि हवालदारांनी दिलेलंही, मी पिऊन संपवलं होतं. दोन फौजी माणसांसमोर थुंकायचं कसं? हवालदारांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "जवान, उधर देखो," आणि दोघं मिळून शेतातल्या एका बाभळीकडे अतिशय लक्ष देऊन पाहू लागले.

बुडबुडा आला नाही.

मी सामान आवरत होते तेव्हा कुंदनच्या गाडीवर मागे बसून, एक पाय सरळ बाहेर काढून, हे आले. उतरले. मला वरून खालपर्यंत पाहिलं, चाकाकडे पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं.

"फोन मी नाई केला," मी म्हणाले.

"मालूम हाये."

"विचारा यायले." मी हवालदारांकडे बोट केलं.

"मालूम हाये म्हनतो ना, मीरा."

कुंदन खाकरला. "साहेब, निघाचं काय? बसा माह्या मागं." आणि जाता जाता सवयीने त्याने आमच्या गाडीच्या टाकीकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहून तो हात आपल्याच केसांवरून फिरवला.

"तू जाय पुढं, कुंदन," हे म्हणाले. हवालदारांनी कुबडी धरली, जवानाने तारेपलीकडून "संभाल के, अंकल" म्हटलं, आणि माझ्या खांद्याला धरून, दुखरा गुडघा अलगद वळवत, आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे बसले. डेपोच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. यांनी एका हाताने कुबडी बंदुकीसारखी उभी धरली होती आणि दुसऱ्या हाताने मला.

गावात शिरलो. रविवारचा बाजार, सगळी ओळखीची तोंडं. मला वाटलं, आता हे म्हणतील की मागच्या गल्लीतून घे.

"जराशी हळू चालव," हे कानाशी म्हणाले.

"गुडघा दुखून राह्यला काय?"

"नाई. लोकाईले दिसू दे."

मला भरून आलं. भरल्या डोळ्यांनी मी वेग कमी केला, गिअर कमी करायचा विसरले, आणि गाडी दोन आचके देऊन भर चौकात, भाजीवाल्यांच्या मधोमध, बंद पडली. सगळा बाजार वळून बघू लागला. मी घाईघाईने बटण दाबत होते, आणि मागे हे, कुबडी उभी धरून, अगदी निवांत बसून होते.

"हां," हे म्हणाले. "आता दिसलं सगळ्याईले."